विहिरीचा वर्ग

आमच्या गिरगावच्या वाडीत तात्या गोगट्यांना सगळे गरीब गाय समजायचे. बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली, पण कुणाला उलटून बोलले नाहीत. गरीब गाईलाही शिंगं असतात, हे लोक विसरतात.

त्यांच्या पत्नी ललिताकाकू गेल्या, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी वाडीची मीटिंग भरली. सेक्रेटरी नाना केळुसकरांना विहीर बुजवून तिथे पार्किंग करायचं होतं. पाणी नासलं कशाने, असं कुणीतरी विचारलं. "ललितावहिनी रोज निर्माल्य टाकायच्या ना," नाना म्हणाले, तेही तात्यांना समोर बसवून. धादांत खोटं. काकू फुलं तुळशीच्या कुंडीत जिरवायच्या, मी शेजारीण, रोज बघत होते. मला नानांचं थोबाड रंगवावंसं वाटलं.

पुढच्या रविवारपासून तात्यांनी वाडीतली पोरं गोळा करून विहिरीपाशी वर्ग सुरू केला. दोराला गळ बांधून विहिरीतला कचरा वर काढायचा, पाणी काचेच्या बरणीत धरून बघायचं, प्लास्टिक वेगळं करायचं. पिशवीवर नाव-पत्ता सापडला तर तो वाचायचा, हा तात्यांचा नियम. "घाण कुठून येते ते कळल्याशिवाय नुसती उपसून काय उपयोग?" असं ते पोरांना सांगायचे. नानांची नात मानसी त्यात सगळ्यांत हुशार. गळ टाकायला तिचाच पहिला नंबर.

विहीर बुजवायचा ठराव ज्या रविवारी यायचा होता, त्या दिवशी तात्यांनी वर्ग मुद्दाम मीटिंगच्या खुर्च्यांसमोर भरवला. जमिनीवर नऊ पिशव्या मांडल्या. सगळ्या कुरिअरच्या, तोंडाला गाठ मारलेल्या, आत कुजलेली फुलं. त्यांनी वाचायला मानसीला बोलावलं.

तिने पहिली पिशवी उचलली आणि थबकली. "केळुसकर," ती पुटपुटली. "खोली नंबर बारा."

"मोठ्याने, बाळा. मागे ऐकू येत नाही," तात्या म्हणाले.

नऊच्या नऊ पिशव्या तिने वाचल्या. सगळ्यांवर तिच्याच घराचा पत्ता. शेवटच्या दोन तिने रडतच वाचल्या. नानांनी मान वर केली नाही. ठराव बारगळला, विहीर राहिली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पण संध्याकाळी राहवेना, म्हणून विचारलं, "तात्या, दुसऱ्या पोराकडून वाचून घेता आलं नसतं का?"

"आलं असतं की," तात्या म्हणाले. "नानालाही दुसऱ्या कुणाचं नाव घेता आलं असतं."