बोळातली भाकर

रोज संध्याकाळी जिजी भाकरीचा एक तुकडा आमच्या दोन घरांमधल्या बोळात, दगडावर ठेवी. देवासाठी नाही, गाईसाठी नाही; उंदरांसाठी. सकाळी दगड रिकामा दिसला की ती ओट्यावर येऊन बसे. येणारेजाणारे उंदराला थट्टेने जावई म्हणत आणि तिला विचारत, "जिजी, जवाई जेवना का?" "जेवना, पोट भरीसन जेवना," म्हणजे पोटभर जेवला, असं ती म्हणाली की बायका हसत आणि पाण्याला जात. पण हसणाऱ्या सगळ्या आधी तिचं उत्तर ऐकायला थांबत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

वडील नंदुरबारच्या मालधक्क्यावर कारकून होते. सुरतेच्या मिशनच्या शाळेतून शिकून मी नुकतीच घरी आले होते. गल्लीत अहिराणी चाले, माझं बोलणं पुस्तकी. मी तोंड उघडलं की पोरी 'मडमबाई' म्हणत. म्हणून मी खिडकीत बसून असे. ती खिडकी बोळावर उघडायची.

जिजीचा मुलगा दगडू धान्याचा व्यापार करी. पोती घरातच, मागच्या खोलीत. सून जमना, नात सखू आणि जिजी, एवढंच घर. जिजी मला धान्य निवडायला बोलवी आणि शिकवी, "उंदीर खाई गया, म्हणजे आपण बी खासूत. तो उपाशी ऱ्हायना की गाव सोडानं." प्लेगात आधी उंदीर मरतात हे मी शाळेत वाचलं होतं. जिजीला ते शाळेशिवाय माहीत होतं.

गाव सोडायची गल्लीची एक रीत होती. रनाळ्याच्या वाटेवर शेतांत झोपड्या पडत, माणसं मोजून. कर्ते पुरुष, बायका, पोरं तिकडे जात. साठी उलटलेली माणसं घर राखायला मागे राहत, कारण रिकाम्या घरांची कुलपं चोर फोडत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मागच्या खेपेला आमच्या गल्लीत जिजी आणि तिचा नवरा असे दोघंच राहिले होते. बाराव्या दिवशी तो साध्या तापाने गेला. गल्लीत यायला कुणी तयार होईना. म्युनिसिपालटीची गाडी येईपर्यंत दीड दिवस ती त्याच्याजवळ बसून होती, माश्या वारत. हे तिने मला ज्वारीतले खडे काढता काढता, ज्वारीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तवय दोन जण व्हतूत. आते मी एकलीच."

त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि एका सकाळी मी खिडकीत उभी होते. दगडावर भाकर तशीच होती. जिजी आली. तिने भाकरीवरच्या मुंग्या झटकल्या, तुकडा पदरात बांधला आणि वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. ती ओट्याकडे वळली. थोड्या वेळाने ओट्यावरून तिचा आवाज आला, "जेवना, पोट भरीसन जेवना."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दर सकाळी ती पदराला गाठ मारून वर पाही.

मी घरात कुणाला सांगितलं नाही. कदाचित मांजराने उंदीर पळवले असतील, असं स्वतःला सांगितलं. वडील म्हणतील तुला कोणी विचारलं, असंही वाटलं. आणि तो दीड दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता.

चौथ्या दिवशी जमनाने मागच्या खोलीतलं पोतं ओढलं, तर खाली मेलेले उंदीर. तिने एकेक शेपटीला धरून बाहेर टाकला आणि मग ओरडली. दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. आम्हीही स्टेशनापलीकडे राहायला गेलो. जिजीला कुणी काही विचारलं नाही; किल्ल्यांचा जुडगा तिच्या ओट्यावर ठेवला गेला. जाताना मी वळून पाहिलं, तर ती बोळाकडे पाठ करून बसली होती.

झोपडीत तिसऱ्या दिवशी जमनाला ताप चढला, काखेत गाठ आली. दोन दिवसांत ती गेली.

पुढचं मला वडिलांकडून कळलं. दगडू गल्लीच्या तोंडाशी आला आणि लांबूनच हाक मारली, "माय, चाल. आते जागा व्हयनी." जागा झाली म्हटल्यावर जिजी किल्ल्या तशाच टाकून उठली. झोपडीत जमनाच्या जागेवर तिने अंथरूण घातलं आणि सखूला कुशीत घेऊन झोपली.

आम्ही सगळे परत आलो तेव्हा ओट्यावर जिजी होती, मांडीवर सखू. बायका पुन्हा विचारू लागल्या, "जवाई जेवना का?" ती नुसती मान हलवी. दगडावर काही ठेवताना ती मला पुन्हा दिसली नाही.

वर्षभराने वडिलांची बदली खांडबाऱ्याला झाली. सामान गाडीत चढलं, तशी मी निरोप घ्यायला गेले, वाकून नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उचललाच नाही. सखू अंगणात खेळत होती.

"तू देखेल व्हतं ना, बाई?" ती हळूच म्हणाली. "माले रोज वाटे, तू तरी सांगशी."