आगाशे रेडिओज, दुपारी एक ते चार

माल विकायचा नाही आणि दुकान मात्र उघडायचं, असा एकच माणूस मी बुधवार पेठेत पाहिला. तो म्हणजे माझा शेजारी शरच्चंद्र आगाशे. माझं दुकान मिक्सरच्या भांड्यांचं आणि वॉशरांचं, त्यांचं टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमचं. पाटी मात्र अजून 'आगाशे रेडिओज' अशीच आहे. बदलत का नाही, असं विचारलं तर म्हणतात, "वडिलांनी लावली. तिला काही झालेलं नाही. तुम्हाला काय त्रास?"

रेडिओ संपले तेव्हा शरदरावांनी टेपरेकॉर्डर विकले. मग बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली, तेव्हा व्हिडिओ गेमच्या कॅसेटी ठेवल्या. हिंजवडीला कंपन्या आल्या, पगारवाली पोरं आली, तशा चकचकीत डिस्का आल्या. आता पोरं खेळ घरबसल्या इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि दुकानात येतात ती फक्त शरदरावांचं मत ऐकायला. ते फुकट असतं आणि अपमानासकट मिळतं.

प्रत्येक खेळ ते स्वतः खेळून बघतात. साठी उलटलेला, धोतर नेसला असता तर कीर्तनकार वाटला असता असा हा माणूस बंदुका चालवतो, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. खेळायची वेळ दुपारी एक ते चार. शटरवर त्यांच्या अक्षरात पाटी आहे: 'एक ते चार दुकान बंद. शटर वाजवल्यास ते उघडत नाही, फक्त वाजते.' या वेळात ते आत वामकुक्षी करतात, अशी पेठेची समजूत आहे. त्यांच्या पत्नीचीही तीच आहे. खरी गोष्ट मला ठाऊक, कारण आमच्या दोघांची मागची दारं एकाच बोळात उघडतात.

गेली दीड वर्षं ते एकच खेळ खेळत होते. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, मला कधी पाठ झालं नाही. पण त्याचे गुणदोष मात्र भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तोंडपाठ झाले. कुणी पोरगा विचारायचा, "काका, हा कसा आहे?" की शरदराव सुरू.

"परक्या देशातला डोंगराळ मुलूख आहे. गुंडांनी बळकावलाय. दोघांनी मिळून सोडवायचा. मुलूख मोठा, जीप घ्या आणि कुठंही जा, कुणी विचारत नाही. लढाईचा कंटाळा आला तर नदीवर मासे धरत बसा. पाणी असं काढलंय की पाय सोडावेसे वाटतात. संपले गुण. आता दोष. एक गाव सोडवलं की सगळी सोडवल्यासारखी. तीच चौकी, तोच मनोरा. पहारेकरी इतके मठ्ठ, की शेजारचा मेला तरी विचारतात, कोण आहे तिकडे? मुख्य खलनायक गोळी घालायची सोडून भाषण देतो. तुमचा जोडीदार म्हणजे पाहुणा. त्यानं कितीही घाम गाळो, जिंकलेलं सगळं यजमानाच्या खात्यावर. तो आपल्या घरी परतला की त्याचा मुलूख होता तसाच गुलामीत. यजमानापासून जरा लांब गेला तर खेळ त्याला उचलून परत आणून ठेवतो, शाळेतून पळालेल्या पोरासारखा. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे, गोळी लागून पडलात तर तुमचं तुम्हाला उठता येत नाही. जोडीदारानं येऊन हात द्यायचा. थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात तो आला नाही तर खेळ खलास. मला सांगा, धडधाकट माणसानं दुसऱ्याच्या हातासाठी लोळत पडायचं? हा काय खेळ झाला?"

हे म्हणणारा माणूस गुडघे गेले तरी जिन्याचा कठडा धरत नाही. मागं एकदा पाय घसरून दुकानाच्या पायरीवर पडले, तेव्हा मी हात द्यायला धावलो तर म्हणाले, "मी बसलोय. दिसत नाही का?"

त्या खेळातला त्यांचा जोडीदार म्हणजे तेजस. इंटरनेटवरच गाठ पडलेली. यवतमाळकडचा पोरगा, मांजरी गावातल्या नव्या इमारतींत कुठंतरी भाड्यानं राहणारा, अमेरिकेच्या घड्याळानं रात्री नोकरी करणारा आणि म्हणून दुपारी मोकळा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. ओळख काय ती कानाला लावायच्या हेडफोनमधून, आवाजाची. फोन नंबरही घेतलेला नव्हता. शरदरावांचं तत्त्व असं, की नंबर दिला की माणूस फोन करतो. तेजसला त्यांचं एवढंच ठाऊक, की काकांचं बुधवार पेठेत आगाशे रेडिओज नावाचं दुकान आहे आणि एक ते चार काका आत असतात.

गेला महिनाभर मात्र शरदराव बेचैन होते. चहाच्या वेळी मला म्हणाले, "पोराची नोकरी गेली. एका सकाळी दीडशे लोकांना मेल आली म्हणे. घरी सांगितलेलं नाही. वडिलांना अजून पगार झाल्याचं सांगतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उजवीकडे बघ, जीप येतेय, म्हणालो."

त्यानंतर आठेक दिवसांनी ते संध्याकाळी माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. मी चहा मागवला. मग ते सांगू लागले. एरवी तेजस पडला की ओरडायचा, "काका, पडलो न! या लवकर!" आणि हे पडले की हातातलं सगळं सोडून, डोंगर उतरून यायचा. "येऊन राहिलो काका, येऊन राहिलो," असं सारखं म्हणत यायचा. इतक्या दिवसांत त्यानं त्यांना एकदाही पडलेलं सोडलं नव्हतं. आज पुलाजवळ तो पडला आणि ओरडलाच नाही. शरदराव धावत गेले तर म्हणाला, "राहू द्या काका. किती वेळा उचलाल?" त्यांनी बटण दाबेपर्यंत वेळ संपला. पोरगा खेळातून निघून गेला.

"खेळातलं बोलणं असेल हो," मी म्हणालो.

"असेल," ते म्हणाले, पण उठले नाहीत. चहा निवून गेला तरी कप तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी जेवून लवकर परतलो, माझंही मन लागत नव्हतं. दुकानापुढे फुटपाथवर गोदाबाई हार विकायला बसतात. मला बघून त्यांनी पदराखालची कापडी पिशवी पुढे केली.

"आगाशे शेठला द्या. एक पोरगा आला व्हता. लई येळ शटर वाजवलं त्यानं. शेठ आतून वरडलं, पाटी वाचता येत न्हाई का? मग ही पिशवी माज्यापाशी दिली. म्हनला, काकांना द्या, मला आता लागनार न्हाई. आन् गेला."

"कुठं गेला?"

"चाललो म्हनला. कुठं, ते काय बोलला न्हाई. डोळं लाल झालं व्हतं त्याचं."

पिशवीत हेडफोन होते आणि खेळायचा रिमोट. बोळातून मागच्या दारानं आत गेलो. शरदराव टीव्हीसमोर बसले होते, हेडफोन कानाला. पडद्यावर त्यांचा शिपाई त्याच पुलाजवळ एकटा उभा होता.

"अजून आला नाही," ते मागं न बघता म्हणाले. "त्यात कुणीतरी गाढव शटर बडवत होता."

मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि गोदाबाईंचं बोलणं सांगितलं. त्यांनी हेडफोन काढले. पिशवीत हात घालून ते दुसरे हेडफोन बाहेर काढले आणि बघतच राहिले. एका कानाची गादी फाटली होती, तिला चिकटपट्टी लावलेली होती.

"दारात आला होता," ते म्हणाले. "दिगंबरपंत, माझ्या दारात आला होता तो. आणि मी त्याची इथं वाट बघत बसलो."

ते उठले, शर्टाची बटणं लावली, पुन्हा काढली. "मांजरी. मांजरीला जाऊ. स्कूटर काढा."

"मांजरीत कुठं? इमारत कोणती? आडनाव?"

त्यांना काहीच सांगता येईना. त्या खेळातल्या मुलखाची पायवाट न् पायवाट ठाऊक असलेला माणूस, पण पोराचा पत्ता ठाऊक नव्हता. "खेळात लांब गेला की आपोआप परत येतो हो," ते म्हणाले. "इथं कोण आणणार त्याला?" मला त्यांची भीती वाटू लागली आणि त्या पोराची त्याहून जास्त.

पोलिसांकडे जाऊ, मी म्हणालो. ते नको म्हणाले नाहीत, पण तोवर काय? मग त्यांना आठवलं, की खेळाचं एक ॲप मोबाइलवर असतं आणि त्यावर जोडीदाराला चार ओळी पाठवता येतात. चष्मा लावून त्यांनी लिहायला घेतलं. 'असा अविचार करू नकोस', लिहिलं आणि पुसलं. 'काळजी करू नकोस, मी आहे', तेही पुसलं. "हे कुणीही लिहील," म्हणाले. "त्याला कुणाचा हात नकोय आत्ता. कालच सांगितलंय त्यानं."

मग त्यांनी एका बोटानं टाइप केलं आणि माझ्याकडे न बघता पाठवून दिलं. मी वाकून वाचलं: 'मी पडलोय. दुकानात. उचलायला ये.'

मग ते शटरकडे गेले आणि दोन्ही हातांनी ते वर ढकललं. अडीच वाजले होते. समोरचा बॅटरीवाला आणि गोदाबाई असे बघायला लागले, जणू घरातून कुणी गेलं असावं. शरदरावांनी दारात खुर्ची टाकली.

"उत्तर?" मी विचारलं.

"नाही."

"निदान वाचलंय का?"

"वाचलंय असं दाखवतंय." आणि मग माझ्यावरच खेकसले, "वाचून गप्प बसला असेल तर?"

रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पोराकडे आम्ही दोघं बघत होतो. पाठीवर सॅक असलेला कुणी दिसला की शरदराव अर्धे उठायचे आणि पुन्हा बसायचे. मी मनात दगडूशेठला हात जोडले. मी फारसा देवाधर्मातला नाही, पण जवळ तेच होते.

पोलीस चौकीत जायला मी चप्पल घातली, तेवढ्यात गर्दीतून एक किडकिडीत पोरगा धावत आला. घामानं निथळत होता. त्यानं माझाच दंड धरला.

"काका! कुठी पडले? काय लागलं तुमाले? डॉक्टरले बोलावलं का?"

मी काही बोलायच्या आत खुर्ची करकरली. आवाज ओळखून शरदराव उभे राहिले होते. पोरानं त्यांच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"तुमी... तुमी तर उभे हाय."

"आत्ता उठलो," शरदराव म्हणाले.

पोरगा पायरीवर मटकन बसला आणि भर बुधवार पेठेत हुंदके देऊन रडू लागला. तो कुठं निघाला होता ते त्यानं सांगितलं नाही आणि शरदरावांनी विचारलं नाही. ते पायरीचा कठडा धरून कसेबसे वाकले आणि हात पुढे केला. पोरानं तो धरला. पण शरदरावांचे गुडघे अडकले. त्यांना सरळच होता येईना, तेव्हा रडता रडता त्यालाच उठून त्यांना उभं करावं लागलं.

शटर सताड उघडं बघून एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "काय आगाशे, दुकान चालू आहे का?"

"बंद आहे. चारला या," शरदराव म्हणाले, पोराचा हात न सोडता.