स्वामीरावांची मुळाक्षरं

बातमी आणली ती पानवाल्याने. आमच्या सुंदरपेरुमाळ कोयिलहून तो रोज सकाळच्या गाडीने विड्याची पानं घेऊन कुंभकोणला जातो आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परततो. त्या दिवशी तो फाटकाशी थांबला आणि तमिळमध्ये म्हणाला, ‘तुमचे संबंधी गेले, आज सकाळीच.’ संबंधी म्हणजे व्याही, आमचे स्वामीराव. मी ‘बरं’ म्हटलं आणि बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आता पुन्हा धोतर बदला, पुन्हा या उन्हात स्टेशन गाठा, पुन्हा कावेरीच्या घाटावर जाऊन उभे राहा... गेल्या काही वर्षांत त्या घाटावर मी इतक्यांना पोचवून आलोय, की तिथला भट हल्ली माझी चौकशी करतो. माणूस फार जगला की त्याला हेच काम उरतं. स्वामीरावांवर लिहा असं पुण्याच्या पुरवणीकरांनी कळवलं, त्यालाही महिना होऊन गेला. रोज दौत उघडायची आणि मिटायची, असं चाललं होतं.

पुण्याकडच्या वाचकांना आमच्याविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही तंजावरकडचे मराठी. राजे होते तेव्हा पूर्वज इकडे आले; राज्य खालसा झालं तेव्हा त्यांच्या सनदांचे कागद झाले आणि आम्ही त्याच कागदांवर कारकुनी करू लागलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची बोली तुम्हाला बखरीतली वाटते म्हणे, वाटो. स्वामीराव सरकारी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कावेरीचे फाटे, मोऱ्या, पाण्याचे दरवाजे कागदावर काढण्यात त्यांचा जन्म गेला. कुठलीही गोष्ट ते तीनदा काढत: वरून कशी दिसते, समोरून कशी, आणि मधोमध कापली तर कशी. माझी लेक तुळजा त्यांच्या घरात दिली, त्या लग्नात मी घामाघूम होऊन हात जोडून उभा, आणि हे वरपिता मांडवात पाऊल ठेवताच म्हणाले, ‘राव, तुमचा तो खांब ओळंब्यांत नाही.’ मानपानावरून रुसणारे व्याही मी पुष्कळ पाहिले, खांबावरून रुसणारे हेच एक. खांब सरळ केला तेव्हा बसले आणि मग इतके मोकळे झाले की आमची जन्माची मैत्री जमली.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी मुळाक्षरांचं पुस्तक काढायला घेतलं. आमची नात मंगा शाळेत जाऊ लागली होती, तिचा धाकटा भाऊ वेंकू अजून रांगत होता. शाळेत तमिळ आणि इंग्रजी. मराठी तोंडात, पण डोळ्यांना तिची ओळख नाही. मी पुण्याहून एक छापील पुस्तक मागवून दिलं होतं. स्वामीरावांनी ते शेवटपर्यंत चाळलं आणि मिटून माझ्या हातात ठेवलं. ‘ह्यांतलं अर्धं पोरांनी बघितलं नाही, राव, आणि उरलेलं मी बघितलं नाही. न बघितलेलं काढायचं कसं?’ बघितलं म्हणजे मोजलं, हा त्यांचा खात्यातला हिशेब. मग फीत घेऊन आजोबा पुढे आणि फितीचं दुसरं टोक धरून मंगा मागे, अशी ही वरात गावभर फिरू लागली. ‘घ’ साठी झटक्याचा, म्हणजे इकडच्या टांग्याचा, घोडा मोजला. ‘ह’ साठी देवळातला हत्ती मोजला. माहूत हसून हसून बेजार झाला, हत्ती मात्र गंभीरपणे उभा राहिला. ‘ड’ ला डोंगर काही केल्या होईना, कारण या सपाट मुलखात डोंगरच नाही. मी स्वामीमलैची देवळाची टेकडी सुचवली, तर म्हणाले, ‘तो डोंगर नव्हे, बांधकाम आहे.’ शेवटी डबा काढला.

चित्रं सुरेख होती, पण तिन्ही बाजूंनी! वरून काढलेला हत्ती पाहून मंगा म्हणाली, ‘हें काय, भोपळा?’ मी इतका हसलो की मला ठसका लागला. स्वामीराव शांतपणे म्हणाले, ‘हत्तीच आहे तो. तूं अजून वरून बघितलेला नाहीस, इतकंच.’ पोर अक्षरं शिकायच्या आधी नकाशे वाचायला शिकली. प्रत्येक चित्र ते आधी शिसपेनीने काढत, मग त्या वस्तूपाशी पुन्हा जाऊन पडताळत, आणि पटलं तरच शाई भरत. त्यामुळे एकेका अक्षराला पंधरवडा लागे. मी चिडवायचो, पोरांची लग्नं होतील तेव्हा ‘ज्ञ’ येईल. खरंच घाई करायला हवी होती, असं आता वाटतं.

‘ळ’ पाशी पोचले तोवर तुळजाला तिसरं मूल झालं होतं. मुलगा. ‘ळ’ ने सुरू होणारा शब्द नाही, म्हणून ‘ळ बाळाचा’ म्हणायची आपली रीत, आणि बाळ तर घरातच पाळण्यात. त्या दिवशी मीही तिथे होतो. पोर न्हाऊमाखू घालून निजवलेलं. स्वामीरावांनी लोखंडी फीत बाजूला ठेवून मऊ सुती दोरा घेतला, श्वास रोखून डोकं, दंड, टाच मोजू लागले. दाराशी त्यांची थोरली बहीण, आत्याबाई, उभ्या होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, ‘जित्या लेंकराला दोरा लावतोस, स्वामी? दोरा मयताला लावतात. मोजूं नक्को, वाढ खुंटते.’ स्वामीराव हसले. ‘जन्मभर कालव्यांना लावला, अक्का. एक तरी आटला काय?’ मीही हसलो. चित्र त्यांनी पुऱ्या मापाचं काढलं, मोठ्या कागदावर, फक्त वरून. बाकी दोन बाजू काढल्याच नाहीत. तुळजाने ते पाहिलं आणि तिला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. आई पाळण्यात वाकून पाहते तेव्हा तिला पोर असंच दिसतं.

शाई भरायची राहिली. कार्तिकातल्या पावसात बाळाला ताप आला आणि तो उतरलाच नाही...

आत्याबाई पुढे एकदाच बोलल्या, मागच्या अंगणात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘दोरा लावला, तेंच नडलं.’ घरात कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. तुळजानेही नाही. स्वामीरावांनी दोरा, फीत, शिसपेनी एका पेटीत घातल्या, पुस्तक फळीवर ठेवलं आणि तो विषय संपवला. सासऱ्याचं ताट, त्यांची कॉफी, पूजेचं पाणी, तुळजाचं सगळं वेळच्या वेळी होत असे. फक्त ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. एकदा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘तू हे मानतेस?’ ती म्हणाली, ‘मानत नाही, अप्पा. पण मामंजी समोर आले कीं मला तो दोरा दिसतो.’ स्वामीराव एकदा कुंभकोणच्या महामखाच्या तळ्याच्या पायरीवर बसलेले असताना मला म्हणाले, ‘माप चुकलं तर पुन्हा घेतां येतं, राव. इथें काय करूं?’ आम्ही दोघे म्हातारे पाण्याकडे बघत बसलो. फार थकलो होतो दोघेही, आणि हा थकवा झोपेने जाणारा नव्हता.

घर निजलेलं असलं की दुपारी तुळजा ‘ळ’ चं ते पान उघडून बसते, हे मला माहीत नव्हतं; स्वामीरावांना होतं. शिसपेनीची रेघ तिच्या बोटाने पुसट होत चालली होती, आणि असल्या गोष्टी त्या माणसाच्या नजरेतून कधी सुटल्या नाहीत. त्यांनी पुस्तक वरच्या फळीवरून तिचा हात सहज पोचेल अशा खालच्या फळीवर आणून ठेवलं. अशी काही वर्षं गेली. मग यंदाच्या उन्हाळ्यात, आम्ही दोघे ओसरीवर बसलो असताना, ती ते पान घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर पसरून म्हणाली, ‘मामंजी, कपाळाची रेघ गेली. शाई भरा.’

किती वर्षांनी तिने त्यांना हाक मारली होती! स्वामीराव कागदाकडे बघत राहिले. ‘पडताळल्यावांचून शाई...’ एवढंच म्हणाले.

‘मी पडताळतें,’ तुळजा म्हणाली. ‘तुम्ही भरा.’

ती शेजारी बसली. जिथे रेघ पुसली होती तिथे बोटाने दाखवू लागली, कान इथून वळत होता, टाच माझ्या तळव्यात एवढी मावायची, इथे मांडीला वळी होती. आणि ते तिच्या बोटामागून शाई भरत गेले. कागद हलू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. एका पायाच्या अंगठ्यापाशी रेघ हललीच. ते खरडून काढणार होते. ती नको म्हणाली. मी उठून परसात गेलो. सून आणि सासरा यांच्यामध्ये त्या वेळी मला बसवेना, आणि रडायला मला एकांत हवा होता. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोरेच आहेत.

तेराव्याला गेलो होतो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. वेंकू आता शाळेत जातो. तो पुस्तक काढून आईपाशी बसला आणि एकेक अक्षर म्हणू लागला. हत्तीला हत्ती म्हणाला, भोपळा नाही. पुढचं पान घडी घातलेलं, ते त्याने जमिनीवर उलगडलं. आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. मीही डोळे उघडले.

‘ळ बाळाचा,’ तुळजा म्हणाली. बाळ गेल्यापासून या घरात तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

‘हें कोण, अम्मा?’

‘तुझा धाकटा भाऊ. असाच होता, एवढाच.’ तिने कागदावरची सुरकुती हाताने सारखी केली. ‘आजोबांनी दोरा लावून मोजला, म्हणून एवढा तरी राहिला.’