शिरसीची अक्का आणि तिची बिंबुळी

कुठलंही अनोळखी पान दिसलं की अक्का ते तोडायची, बोटांत चुरगाळायची, वास घ्यायची आणि सरळ तोंडात टाकायची. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या कुंपणाशी, परक्याच्या अंगणात, कुठंही. आई लाजून चूर व्हायची. "अहो अक्का, विषारी असलं तर?" अक्का चघळत म्हणायची, "विष कडू असती. हे तर आंबट हाय."

अक्का म्हणजे माझी मोठी चुलती. अण्णांचं, माझ्या थोरल्या काकांचं, लातूरला सुपारी-मसाल्याचं दुकान होतं. सुपारी आणायला ते कर्नाटकात, शिरसीकडे जायचे. तिकडच्याच एका लिंगायत घरातून त्यांनी ही बायको करून आणली. जिथं चार-चार महिने पाऊस थांबत नाही तिथली मुलगी आमच्या काळ्या, भेगाळलेल्या रानात आली. मराठी ती इथंच शिकली आणि तिच्या मराठीत पाऊस कायम "आली" आणि भाकरी कायम "झाला". आम्ही पोरं हसायचो. तीही हसायची आणि पुढचं वाक्य तसंच बोलायची. तिच्याशी कानडीत बोलणारे घरात एकटे अण्णाच. दुकान बंद करून आले की दोघं परसात बसून हळू आवाजात बोलत. काय बोलत, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

परसात तिनं आपलं माहेर लावलं होतं. मोरीच्या पाण्यावर हळद, आडाच्या कडेला जाड लुसलुशीत पानांचा पानओवा, शेवग्यावर चढवलेला मिरीचा वेल. पानओव्याला ती दोड्डपत्रे म्हणायची. त्याची पानं तुपात परतून, खोबरं आणि ताक घालून ती हिरवट तंबुळी करायची. उन्हाळ्यात भातावर ती तंबुळी घेतली की पोटात गार वाटायचं. आजूबाजूच्या बायका भिंतीवरून डोकावून विचारत, "काय शिजवू लालाव हो अक्का? वास येऊ लालाय."

पण तिचा खरा जीव बिंबुळीवर. ते रोप अण्णांनी पत्र्याच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून शिरसीहून आणलेलं. आमच्याकडं तसलं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याला फळं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, खोडालाच येतात. आधी खोडातून गडद लाल फुलांचे झुबके फुटतात आणि मग बोटाएवढ्या हिरव्यागार, काकडीसारख्या फळांचे घोस लटकतात. पण आंबट असं, की एक चावा घेतला की डोळे आपोआप मिटायचे. अक्का त्याचं लोणचं घालायची, मिठात वाळवायची, हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची. शेंगदाण्याच्या आमटीत बिंबुळी घालणं हा तिचा स्वतःचा शोध. "दाणं तुमच्या गावचा, आंबट माझ्या गावचा," म्हणायची. तिच्या स्वयंपाकघरात चिंचेला मज्जाव होता.

ही फळं मात्र पुढची. झाड अजून पुरुषभर उंचीचं होतं तेव्हा बहात्तरचा दुष्काळ आला. आड तळाला गेला. घागरभर पाण्यासाठी बायका गावाबाहेर जाऊ लागल्या. परसातली एकेक गोष्ट सुकत गेली, मिरीचा वेल दोरीसारखा झाला. झाडाला पाणी घालू का, असं अक्कानं कुणालाच विचारलं नाही. ती विचारणारही नव्हती. एका सकाळी अण्णांनी न्हाणीतला दगड उचलला, बिंबुळीच्या बुंध्याशी नेऊन ठेवला आणि उघड्यावर अंघोळीला बसले. गावातले प्रतिष्ठित व्यापारी, गळ्यात लिंग, वरून शेजाऱ्यांची गच्ची. बाबा म्हणाले, "अण्णा, लोक बघू लालेत."

"बघू दे," अण्णा म्हणाले. "पाणी अंगावरनं गेलं तरी पाणीच ऱ्हातंय."

अक्का तांब्यानं त्यांच्या अंगावर पाणी घालायची. बेतानं, एकेक तांब्या. दुष्काळ सरेपर्यंत अण्णांची अंघोळ तिथंच झाली. रेशनवर तेव्हा लाल मिलो मिळायचा, अमेरिकेची ज्वारी. त्याची भाकरी आमच्या घशाखाली उतरेना. हळदीची चार पानं मोरीपाशी तेवढी तग धरून होती. त्यांत अक्कानं मिलोचं पीठ आणि गुळाचा खडा घालून कडबू उकडले. झाकण काढलं तेव्हा घरभर असा वास सुटला, की आम्ही मिलो आहे हे विसरून खाल्लं.

झाड जगलं. अण्णा मात्र त्यानंतर थोडीच वर्षं राहिले. दुकानात गादीवर बसल्या बसल्याच गेले. ज्या वर्षी झाड खोडभर लगडलं, त्या वर्षी ती फळं बघायला ते नव्हते. परसातलं कानडी बोलणं बंद झालं. अक्का झाडापाशी बसायची, पण मुकी.

मग लातूर जिल्हा झाला. ऑफिसं आली, साहेब आले, कारकून आले आणि राहायला जागा मागू लागले. अण्णांमागं दुकान उतरलं होतं. आम्ही बहिणी लग्नाच्या झालो होतो. बाबांनी परसात खोल्या काढायचं ठरवलं. अक्काला सांगताना त्यांची मान वर होत नव्हती.

"वैनी, झाड मधी येऊ लालंय."

अक्कानं परसाकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "कापा भावजी. झाड माझी हाय, जागा घराची हाय."

आदल्या दिवशी तिनं सगळी फळं उतरवली आणि घरोघर वाटली. लाकूडतोडे आले तेव्हा तिनंच त्यांना गूळ-पाणी दिलं. पहिला घाव पडला तशी ती आत गेली. संध्याकाळी चुलीवर आमटी उकळत होती. अक्का हातात पळी घेऊन उभी होती आणि आईला म्हणाली, "चिंच कुठं ठेवलीस गं?"

आईनं चिंच दिली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

पुढं माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. दर खेपेला माहेरी गेलं की अक्का थोडी कमी झालेली दिसायची. आधी नावं विसरली, मग माणसं. शेवटी इतक्या वर्षांचं मराठी सगळं पुसून गेलं आणि कानडी तेवढं उरलं. ती सारखं काहीतरी विचारायची आणि घरात कुणालाच ते कळायचं नाही. आई पाणी पुढं करायची, बाबा पांघरूण घालायचे. ती मान हलवून पुन्हा तेच विचारायची.

ती गेली त्याच्या थोडं आधी मी भेटायला गेले होते. परसातल्या खोलीत तेव्हा एका कारकुनाचं कुटुंब नव्यानं राहायला आलं होतं. त्याची बायको, सुमित्राबाई, उदगीरच्या पलीकडची. तिला कानडी येतं हे कळल्यावर मी हात धरूनच तिला अक्काजवळ आणलं. कानडी शब्द कानावर पडताच अक्काचा चेहरा उजळला. ती माझ्याकडे बोट दाखवून बोलू लागली. माझे डोळे वाहत होते.

"काय म्हणतीय?" मी विचारलं.

सुमित्राबाई अडखळली. "विचारू लालीय, तू बी या घरात नवीच आलीस का? रडू नको म्हणती. ह्यांचं बोलणं कळत न्हाई, पण माणसं लई चांगली हायत म्हणती."

मला कानडीतला एकच शब्द येत होता, होकाराचा. "हौदु, अक्का," मी म्हणाले. तिनं माझा हात थोपटला.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते पुढं आले आणि म्हणाले, "वैनीला विचारा, काही पाहिजे का."

सुमित्राबाईनं विचारलं. अक्कानं बाबांकडं बराच वेळ पाहिलं, घाईघाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सुमित्राबाई पदराशी चाळा करू लागली. बाबांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "म्हणती, कुणीतरी मोठं माणूस आलंय घरी. उभं का ठेवलंय? बसायला पाट द्या."

आई पाट आणायला वळली. पण बाबा तोवर अक्काच्या खाटेशी जमिनीवरच बसले होते.