पिंजऱ्याची कडी

नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही – हे मी कोणाजवळच बोललेले नाही. देवाजवळही नाही, त्याला ठाऊक असणारच. तुम्हाला सांगते.

चार वर्षं झाली. कोथरूडला आमच्या सोसायटीसमोरच गुंड्याच्या – आमच्या कुत्र्याच्या – मागच्या पायावरून मोटारसायकल गेली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवले आणि बजावलं, सहा आठवडे पिंजऱ्यात. जिना नाही, उडी नाही. शू करायलासुद्धा उचलून न्यायचं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

पिंजरा हॉलमध्ये, त्याला खेटून नानांची खुर्ची. नाना म्हणजे माझे सासरे. शाळेत आयुष्यभर भूमिती शिकवली त्यांनी.

पाचव्या आठवड्यात मला संशय यायला लागला. नाना समोर असले की गुंड्या पाय वर धरून कण्हायचा. नाना आत गेले की गप्प. नाटक, दुसरं काय? माझा स्वभावच तसा आहे – कामवालीच्या तापावर, रिक्षाच्या मीटरवर, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. मग कुत्र्यावर का बसावा?

एका दुपारी नाना झोपले होते. मी गुंड्याला पट्टा लावला आणि चालवत जिन्याने खाली निघाले. दुसऱ्या मजल्यावर मांजर दिसलं. गुंड्याने झेप घेतली, पाय घसरला, आणि – तो आवाज कसा होता ते सांगत नाही.

उचलून वर आणलं. पिंजऱ्यात ठेवलं. कडी लावली नाही. घाईत राहिली, असं मी स्वतःला किती दिवस सांगत होते? घाई नव्हती. हात कडीवरच होता माझा. तो मी काढून घेतला.

एक्स-रेमध्ये प्लेट वाकलेली दिसली, दोन स्क्रू निघालेले. "हा पिंजऱ्याबाहेर आला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. नवऱ्याने नानांकडे पाहिलं. बिस्किट द्यायला कडी तेच काढायचे ना! मीही नानांकडे पाहिलं. होय, मीही.

"मी लावली होती," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "बहुधा."

भूमितीच्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. तेव्हाच बोलायला हवं होतं – एक वाक्य पुरलं असतं. मी गुंड्याच्या अंगावरचा टॉवेल नीट करत राहिले.

पुन्हा ऑपरेशन झालं. गुंड्या आता चालतो, एक पाय किंचित आखूड आहे इतकंच. नाना मात्र गॅसचं बटण तीन-तीनदा तपासतात. स्कूटरची किल्ली त्यांनी आपणहून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. स्मरणशक्तीच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. नानांना ते पटत नाही. स्वतःवर संशय घ्यायला त्यांना मी शिकवलं.

पिंजरा केव्हाच माळ्यावर गेला. तरी दुपारी आडवं होण्याआधी नाना दाराच्या कडीचं विचारतातच. कालही विचारलं. "अगं, लावलीये ना मी? तू बघ जरा. माझं काही खरं नाही."

मी उठले, दाराशी जाऊन पाहिलं. लावलेली होती. तसं सांगितलं.

"तू बघितलंस ना, मग झालं," म्हणाले, आणि कुशीवर वळले.