दंडावरचा पट्टा

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, त्याची नळी कमरेच्या छोट्या मशिनला जोडली आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. अंघोळसुद्धा नाही."

साताऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात माझं ब्लडप्रेशर कायम जास्त भरायचं आणि रविवारी घरच्या मशिनवर बघितलं की शहाण्यासारखं खाली असायचं. बायकोचं मत होतं की मी डॉक्टरांना घाबरतो. डॉक्टरांना वेगळीच शंका होती.

"रविवारी काय करता?" त्यांनी विचारलं.

"झोपतो."

"आणि सोमवारी?"

"शिरवळला जातो."

शिरवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. चांगले बनले की कौतुक प्रॉडक्शनवाल्यांचं, बिघडले की जाब मला.

"मग रजा घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "पट्टा अधूनमधून आपोआप फुगेल. फुगला की हात स्थिर ठेवायचा आणि तोंड बंद."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये खंबाटकीच्या बोगद्यात पट्टा घुर्रर्र करून फुगला. शेजारचा सहकारी माझ्या शर्टाच्या आतून निघणाऱ्या नळीकडे बघत हळूच पलीकडच्या सीटवर गेला.

खरी गंमत सकाळच्या मीटिंगला झाली. आमचे साहेब मूळचे सांगलीजवळच्या माधवनगरचे. एरवी इंग्रजी मिसळून फार शुद्ध बोलतात, पण संतापले की सगळं शुद्ध गळून पडतं आणि खाली माधवनगर शिल्लक राहतं. त्या दिवशी गिऱ्हाइकाने अख्खी गाडी माल परत पाठवला होता. साहेबांनी टेबलावर एक खराब भाग आपटला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हा पास कुणी केला?"

मी तोंड उघडलं आणि पट्टा फुगायला लागला. मी तोंड मिटलं.

"मी विचारतोय तुम्हाला."

मी हात टेबलावर सरळ ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. नाकाने संथ श्वास घेतला. बाकीच्यांना वाटलं असणार, हा माणूस आज राजीनामा देऊन आलाय.

"आवं, तुमी बोलणार हाय का न्हाई?" साहेब उभे राहिले. कपाळावरची शीर टच्च फुगली होती.

मी मान हलवली. 'थांबा' असं म्हणायचं होतं, पण ते 'नाही'सारखं दिसलं. खोलीत फक्त माझ्या मशिनचा आवाज. साहेबांनी टेबलाखाली वाकून बघितलं, मग छताच्या पंख्याकडे. अखेर पट्टा फुस्स झाला.

"साहेब, ब्लडप्रेशर मोजत होतो," मी म्हणालो.

कुणीतरी हसू दाबताना शिंकलं. मला वाटलं, आता संपलं. पण साहेब खाली बसले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "किती आलं?"

"हे मशीन दाखवत नाही. डॉक्टरच बघतात."

मीटिंग लवकरच उरकली. बाहेर आल्यावर साहेबांनी मला जिन्यापाशी गाठलं. "दुखतंय का वो ते?" मग इकडेतिकडे बघून, "माझीबी मान लय भरून येती. सकाळी डोकं ठणकतं. पण तपासायला वेळ कुठाय?"

मी त्यांना कंपनीच्याच दवाखान्यात नेलं. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. नर्सबाईंनी पट्टा बांधला तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला, आणि ते पट्ट्यासकट उठून गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. बाईंनी मोबाईल काढून घेतला. "बसा खाली. पाय जमिनीवर. गप्प." साहेबांवर कुणी ओरडल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मनापासून सांगतो, मला फार बरं वाटलं. पण काटा बघून बाई गंभीर झाल्या. शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी तेच. त्यांनी साहेबांना त्याच दुपारी गाडी देऊन मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. इतकी वर्षं मला वाटायचं, साहेब म्हणजे दुखणं देणारा माणूस. त्यांनाही ते असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

माझा रिपोर्ट बघायला बायको बरोबर आली. आलेख खंबाटकी घाटासारखा होता. सकाळी चढ आणि मीटिंगच्या वेळी माथा. मग उतार. आणि त्याआधी, आदल्या रात्री जेवणाच्या वेळी, आणखी एक सुळका. बायकोचा चेहरा उतरला.

"ह्या वेळी मी काहीच बोलले नव्हते," ती डॉक्टरांना म्हणाली.

मला आठवलं. "तेव्हा कंपनीचा फोन आला होता."

"बघा!" ती खुर्चीत पहिल्यांदा टेकून बसली.

डॉक्टरांनी समजावलं की असा ताण रोज आला की हृदयाला रोजच जास्त जोर लावावा लागतो, आणि वर्षानुवर्षं जोर लावून त्याचे स्नायू जाड होतात, थकतात. गोळी सुरू झाली. लोणचं बंद, चालणं सुरू, जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. आळणी आमटीची सवय मला अजून झालेली नाही.

साहेब आठवडाभराने परत आले. त्यांनाही गोळी लागली होती. मीटिंग त्यांनी चहानंतर ठेवली. ओरडतात अजूनही, पण आता बसून ओरडतात, आणि मधेच थांबून पाणी पितात. तेवढ्यात आम्ही उत्तर शोधून ठेवतो.