अप्पा घरी येतात त्या पाच गोष्टी

माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना एका तमिळ मालिकेने तिला वेड लावलं होतं. त्यातला तिचा आवडता पोलीस अधिकारी एका स्फोटात मेला. त्यानंतर ती त्याच्यावर गोष्टी लिहायला लागली. एका गोष्टीत तो शाळेत गणित शिकवायचा, दुसरीत मदुराईत त्याचं सरबताचं दुकान होतं. अशा गोष्टींचं एक अ‍ॅपच होतं. ती तिथे टाकायची आणि अनोळखी लोक वाचायचे.

"माणसं तीच, अम्मा. जग फक्त दुसरं," ती सांगायची.

"मेला ना तो? मग सोड त्याला. दहावीचं बघ," मी म्हणायचे.

आम्ही चेन्नईत वेस्ट मांबलमला राहतो. मी सांगलीची. नवरा तंजावरकडच्या मराठी घरातला, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. कंपनीच्या बसने सकाळी लवकर जातो.

त्या दिवशी मुलीला सुट्टी होती. अकराच्या सुमारास टीव्हीच्या खालच्या पट्टीवर गुम्मिडिपूंडी हे नाव सरकलं. मी तमिळ बोलते, पण वाचताना एकेक अक्षर लावावं लागतं. गावाचं नाव लागेपर्यंत पट्टी पुढे गेली. ती फिरून येईपर्यंत मी शेवग्याची शेंग हातात धरून उभी होते. दुसऱ्या फेरीला 'बॉयलर' एवढं लागलं.

"काय लिहिलंय गं?"

मुलीने वाचलं. मला काही न सांगता तिने अप्पांचा, म्हणजे ह्यांचा, नंबर लावला. फोन बंद होता. तेव्हा मला कळलं, कारखाना आमचाच आहे.

ऑफिसचा फोन लागेना. बसमध्ये ह्यांच्या शेजारी बसणारा एक मित्र होता, त्याच्या बायकोला लावला तर तोही एंगेज. मग तिचाच आला. ती मलाच लावत होती. "तुम्हाला काही कळलं का?" दोघींनी एकदमच विचारलं.

निघावं तर जायचं कुठे? जखमींना कुठल्या हॉस्पिटलात नेलंय ते कुणी सांगेना. मी गॅस बंद केला, पुन्हा जाऊन बंद आहे का ते पाहिलं. हात गार पडले होते. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, सांगायला कुणीतरी आलं. पाऊल वर निघून जाईपर्यंत मी दाराकडे बघत राहायचे.

दोनच्या पुढे मी आतल्या खोलीत गेले. मुलगी लॅपटॉपवर लिहीत होती. माझा तोल गेला.

"अप्पा कुठे आहेत माहीत नाही, आणि तू गोष्टी लिहितेस?"

तिने मान वर केली नाही. "थांबवू नको, अम्मा. थांबले की मला ते दिसतंय."

मी तिच्या मागे बसून अक्षरं लावायला लागले. तो पोलीस अधिकारी आता कारखान्यात सुपरवायझर होता. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचा. पहिल्या गोष्टीत शर्टाचं बटण तुटल्यामुळे त्याची बस चुकते. दुसरीत त्याची पाळी बदलते. तिसरीत बॉयलर फुटतो तेव्हा तो गेटवर सही करत असतो. चौथीत कॅन्टीनमध्ये दहीभात खात असतो. चारही वेळा तो संध्याकाळी घरी येतो आणि चप्पल दारात वेडीवाकडी काढतो.

मालिकेत कुणीतरी एकच शेवट लिहिला होता, तो हिला मान्य नव्हता. महिनोन्महिने ती हेच करत होती, आणि मी तिला दहावीचं बघ म्हणत होते. मला रडू येत होतं, पण रडले असते तर तिचे हात थांबले असते.

"कॅन्टीनचा दहीभात ते खात नाहीत," मी म्हटलं. "डबा असतो."

तिने ते खोडून डबा लिहिला. "डब्यात काय?"

"लिंबूभात. आणि बटाट्याची भाजी."

पाचवी गोष्ट आम्ही दोघींनी लिहिली. मी मराठीत सांगायचे, ती तमिळमध्ये लिहायची. प्रत्येक वाक्यानंतर ती फोनकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. हे ओरडत होते. मला वाटलं, वेदनेने ओरडताहेत. "मी बरा आहे! मला ऐकू येत नाही, तू बोलू नको! मी बरा आहे!" मुलगी माझ्या हातातून फोन ओढून नुसती अप्पा, अप्पा म्हणत राहिली. त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

बसमधला तो मित्र गेला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची बायको ह्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "किती वाजता चहाला उठून बॉयलरकडे गेले ते? आदल्या दिवशी अंगात कणकण होती, मी रजा घ्यायला लावली असती तर?" हे तिच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होते. माझी मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचं सगळं ऐकत राहिली.

परतताना मी विचारलं, "त्यांच्यावर लिहिशील का एखादी?"

"नको, अम्मा," ती म्हणाली. "काकू विचारतील, मग घरी का नाही आले."

पुढच्या महिन्यात हे कामावर रुजू झाले. डावा कान गेला तो गेलाच. अजूनही मी रोज अकराला फोन करते, आणि ते उचलेपर्यंत हात गार असतात.